अद्भुतरम्य ग्रंथांचा संग्रह, मांडणी आणि पुनर्वाचन : मुद्रित व डिजिटल माध्यमांच्या संदर्भात

प्रस्तावना :

ग्रंथसंग्रहाचा विचार करताना बहुधा संख्या आणि दुर्मिळता या दोन गोष्टींकडेच लक्ष दिले जाते. संग्रहात किती ग्रंथ आहेत, त्यांपैकी किती आज बाजारात मिळत नाहीत, यावरून संग्रहाचे मोल ठरविले जाते. मात्र संग्रहातील ग्रंथ पुन्हा वाचला जातो का, आणि तो पुन्हा वाचावयाचा झाल्यास त्याची नेमकी कोणती संहिता वाचकाच्या हाती येते, हा प्रश्न मागेच राहतो. अद्भुतरम्य साहित्याच्या, म्हणजे ज्याला आज ‘फॅण्टसी’ म्हटले जाते त्या साहित्याच्या बाबतीत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. हे साहित्य अनेकदा दीर्घ मालिकांच्या रूपाने लिहिले जाते, लेखक आधीच्या भागांत फेरबदल करतात आणि त्याचे निष्ठावंत वाचक ते वारंवार वाचतात. मुद्रित पुस्तकाच्या जोडीला ई-पुस्तक आल्यानंतर या प्रश्नाला नवे परिमाण लाभले आहे.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१) पुनर्वाचन हा संग्रहाचा मूळ हेतू असल्याचे स्पष्ट करणे.
२) आवृत्ती आणि क्रम यांचा पुनर्वाचनावर होणारा परिणाम उदाहरणांनी दाखविणे.
३) मुद्रित व डिजिटल संग्रहांच्या मर्यादा लक्षात घेऊन नोंदीची एक व्यवहार्य पद्धत सुचविणे.

पुनर्वाचन : संग्रहाचा हेतू

पुनर्वाचनाचा साहित्यविचार मांडणाऱ्यांमध्ये सी. एस. लुईस यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. ‘ॲन एक्सपेरिमेंट इन क्रिटिसिझम’ (१९६१) या ग्रंथात त्यांनी पुस्तकाची पारख ते कशा प्रकारे वाचले जाते यावरून करावी, असा विचार मांडला. एकदा वाचलेले पुस्तक पुन्हा हाती न घेणारा वाचक आणि आवडते पुस्तक आयुष्यात अनेक वेळा वाचणारा वाचक यांत त्यांनी मूलभूत फरक केला. कथेतील आश्चर्य पहिल्या वाचनात संपते, हा समजही त्यांना मान्य नव्हता. पुढे काय घडणार हे ठाऊक झाल्यावरच वाचक कथेचे वातावरण आणि तिची रचना यांकडे निवांतपणे पाहू शकतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. ‘ऑन स्टोरीज’ या निबंधात हा विचार आलेला आहे. हा निबंध १९४७ च्या ज्या संकलनात प्रसिद्ध झाला, त्याच संकलनात जे. आर. आर. टॉल्किन यांचा ‘ऑन फेअरी-स्टोरीज’ हा निबंधही आहे. परिचयामुळे निस्तेज झालेल्या वस्तू पुन्हा स्वच्छ दृष्टीने दिसू लागणे, हे अद्भुतकथेचे एक कार्य टॉल्किन यांनी त्यात सांगितले आहे.

हे दोन्ही विचार एकत्र ठेवल्यास संग्रहाचा हेतू स्पष्ट होतो. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वरील चित्रपटांत सारुमानची भूमिका करणारे अभिनेते ख्रिस्तोफर ली (१९२२–२०१५) ही कादंबरी दरवर्षी वाचत असल्याचे सांगत असत. अशा वाचकाला पुस्तक पुन्हा पुन्हा आणि खात्रीने मिळावे लागते. संग्रह ही त्या खात्रीची व्यवस्था होय.

आवृत्तीचा प्रश्न :

‘तेच’ पुस्तक पुन्हा वाचले, असे सहजपणे म्हटले जाते. परंतु ते पुस्तक खरोखर तेच असते काय? या संदर्भात टॉल्किन यांच्या ‘द हॉबिट’चे उदाहरण उद्बोधक आहे. लंडनच्या जॉर्ज ॲलन अँड अनविन या प्रकाशनसंस्थेने २१ सप्टेंबर १९३७ रोजी या पुस्तकाची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. तिच्या १५०० प्रती होत्या. या आवृत्तीच्या पाचव्या प्रकरणात बिल्बो आणि गॉलम यांच्यात कोड्यांची पैज लागते. पैज हरल्यास आपली अंगठी भेट देण्याचे गॉलम कबूल करतो. हरल्यावर अंगठी सापडत नाही, तेव्हा तो क्षमा मागतो आणि बिल्बोला बाहेर पडण्याची वाट दाखवतो.

पुढे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिताना हीच अंगठी साऱ्या कथेचे केंद्र बनली. तिच्या मोहाने ग्रासलेला गॉलम ती राजीखुशीने देईल, हे आता संभवत नव्हते. म्हणून टॉल्किन यांनी हे प्रकरण नव्याने लिहिले आणि १९५१ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते समाविष्ट झाले. नव्या संहितेत अंगठी पैजेला लावलेलीच नाही. ती हरवल्याचे कळताच गॉलम संतापतो आणि बिल्बोला चोर ठरवतो. विशेष म्हणजे, आधीची हकीकत ही बिल्बोने स्वतः रचून सांगितलेली बतावणी होती, असा उलगडा पुढील कादंबरीत करून टॉल्किन यांनी जुन्या संहितेलाही कथेत जागा दिली.

ज्याच्यापाशी केवळ आजची प्रत आहे, त्याला या उलगड्याचे पूर्ण मर्म कळत नाही. दोन्ही संहिता पाहणाऱ्याला मात्र बिल्बोवर पडलेली अंगठीची पहिली छाया दिसते. पहिली आवृत्ती सामान्य प्राध्यापकाच्या आवाक्यात नाही, हे खरे. परंतु डग्लस अँडरसन यांनी संपादित केलेल्या ‘द ॲनोटेटेड हॉबिट’मध्ये (१९८८, सुधारित आवृत्ती २००२) जुना मजकूर टिपांसह दिलेला आहे. म्हणजेच संग्राहकाने प्रथमावृत्तीच्या मागे लागण्याची गरज नाही. आवृत्त्यांमधील भेद ज्यात नोंदवला आहे, असे पुस्तक मिळविणे त्याच्या दृष्टीने अधिक हिताचे आहे.

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची संहिताही स्थिर राहिलेली नाही. १९५४-५५ मध्ये ती तीन खंडांत प्रसिद्ध झाली. अमेरिकेत १९६५ मध्ये एस बुक्सने लेखकाच्या संमतीशिवाय कागदी बांधणीची स्वस्त आवृत्ती काढली. त्याच वर्षी टॉल्किन यांनी संहितेत बदल केले आणि बॅलन्टाइनने अधिकृत आवृत्ती प्रसिद्ध केली. २००४ च्या सुवर्णमहोत्सवी आवृत्तीत वेन हॅमंड आणि ख्रिस्तिना स्कल यांनी तीनशे ते चारशे दुरुस्त्या केल्या. साहजिकच ‘माझ्याकडे ही कादंबरी आहे’ हे विधान आवृत्तीचे वर्ष सांगितल्याशिवाय पुरे होत नाही.

मांडणीचा प्रश्न :

ग्रंथ कपाटात कोणत्या क्रमाने लावावेत, हा प्रश्न वरवर केवळ सोयीचा वाटतो. प्रत्यक्षात मांडणीमुळे वाचनाचा क्रम ठरतो आणि त्या क्रमातून अर्थही घडतो. लुईस यांच्या नार्निया मालिकेचे सात भाग १९५० ते १९५६ या काळात दरवर्षी एक याप्रमाणे आले. ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’ हा त्यांतील पहिला. नार्नियाच्या निर्मितीची कथा सांगणारा ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ हा भाग मात्र सहावा, १९५५ साली आला. १९९४ पासून हार्पर कॉलिन्सने कथेतील कालक्रमानुसार या भागाला पहिला क्रमांक दिला. लुईस यांनी १९५७ मध्ये एका अमेरिकी मुलाला लिहिलेल्या पत्रात कालक्रमाकडे कल दर्शविला होता, हा त्याचा आधार. तथापि कपाटाच्या दारातून अनोळखी जगात पाऊल टाकण्याचा अनुभव कालक्रमाने वाचणाऱ्याला तसा मिळत नाही, कारण ते जग त्याला आधीच माहीत झालेले असते. प्रथम वाचनासाठी प्रकाशनक्रम आणि पुनर्वाचनासाठी कालक्रम, असा विवेक येथे करता येतो.

उर्सुला ले ग्विन यांची अर्थसी मालिका याहून वेगळा प्रश्न उभा करते. ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ १९६८ साली प्रसिद्ध झाली आणि १९७२ पर्यंत मालिकेचे तीन भाग पूर्ण झाले. १९९० मध्ये आलेल्या ‘टेहानू’ला अखेरचे पुस्तक असे उपशीर्षक होते, तरीही २००१ मध्ये आणखी दोन पुस्तके आली. आधीच्या भागांत जादूगारांची विद्या पुरुषांच्याच हाती का होती, हा प्रश्न ‘टेहानू’ विचारते. हे पुस्तक वाचल्यावर पहिल्या तीन भागांकडे परतणारा वाचक पहिल्यासारखा राहत नाही. पूर्ण समजली गेलेली मालिकाही पुन्हा उघडू शकते, म्हणून कपाटात तिच्या शेजारी थोडी जागा मोकळी ठेवलेली बरी.

महाविद्यालयीन ग्रंथालयात ड्युई दशांश पद्धतीनुसार इंग्रजी कादंबरी ८२३ या वर्गात आणि मराठी कादंबरी ८९१.४६३ या वर्गात जाते. भाषा आणि साहित्यप्रकार हे तेथील निकष आहेत. अद्भुतरम्य साहित्याचा धागा त्यामुळे फडताळावर तुटतो. वैयक्तिक संग्रहात तो जोडता येतो, आणि ई-पुस्तकांच्या बाबतीत ते आणखी सोपे आहे. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सुरू केलेल्या ‘कॅलिबर’ या विनामूल्य संगणकप्रणालीत प्रत्येक पुस्तकाला मालिकेचे नाव, भागाचा क्रमांक आणि हव्या तेवढ्या खुणा जोडता येतात. कपाटात एका पुस्तकाला एकच जागा असते, तर डिजिटल सूचीत तेच पुस्तक एकाच वेळी अनेक गटांत दाखविता येते.

डिजिटल संग्रह : सोय आणि स्वामित्व

ई-पुस्तकात शब्द शोधता येतो, अक्षर मोठे करता येते आणि हजारो पृष्ठांची मालिका प्रवासात सोबत नेता येते. पुनर्वाचन करणाऱ्या अभ्यासकाला एखाद्या पात्राचे सर्व उल्लेख क्षणात गोळा करता येतात. मात्र बहुतेक दुकानांतून घेतलेले ई-पुस्तक हे विकत घेतलेली वस्तू नसून वापराचा परवाना असतो. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’च्या काही प्रती ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतल्या. त्या प्रती विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, हे कारण होते आणि पैसेही परत देण्यात आले. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा वाचकांची पुस्तके गेली आणि पैसे परत मिळाले. ज्यांनी पुस्तकांत टिपा केल्या होत्या, त्यांना वेगळे २५ डॉलर देण्यात आले. पुस्तकाची किंमत परत करता येते. वाचताना समासात लिहिलेले मात्र परत करता येत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲमेझॉनने विकत घेतलेले ई-पुस्तक संगणकावर उतरवून घेण्याची सोयही काढून टाकली.

आणखी एक बाब ध्यानात घ्यावयास हवी. दुकानाच्या सर्व्हरवरील संहिता प्रकाशकाला बदलता येते आणि जुनी संहिता वाचकापाशी उरेलच असे नाही. १९३७ चा ‘हॉबिट’ कागदावर होता, म्हणून १९५१ नंतरही तो टिकला. तरीही सर्व ई-पुस्तके कुलूपबंद नसतात. फॅण्टसी प्रकाशनात अग्रेसर असलेल्या टॉर बुक्सने २०१२ मध्ये आपल्या ई-पुस्तकांवरील तांत्रिक निर्बंध काढून टाकले. अशी फाईल वाचकाला स्वतःपाशी जपून ठेवता येते.

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो. टॉल्किन यांचे निधन १९७३ मध्ये झाले. त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले साहित्य आपल्याकडे २०३४ च्या आरंभी मुक्त होईल. तोपर्यंत त्याची डिजिटल उपलब्धता प्रकाशकांच्या धोरणावर अवलंबून आहे.

मराठी संदर्भ :

मराठी कादंबरीचा आरंभकाळच अद्भुतरम्यतेचा होता. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) ही त्याची ठळक उदाहरणे. वाङ्मयेतिहासाच्या पाठ्यक्रमात ही नावे येतात. पण ती पुस्तके पुन्हा वाचणारे विरळा. ‘चांदोबा’ मासिकाची स्थिती याच्या उलट होती. विक्रम-वेताळाच्या कथांसाठी अनेक घरांत त्याचे अंक जपले गेले, वर्षाचे अंक एकत्र बांधून ठेवले गेले. २०१३ नंतर नवे अंक थांबले, आणि ज्या संकेतस्थळावर जुने अंक वाचता येत होते तेही पुढे बंद पडले. ज्या घरांत बांधीव खंड होते, तेथे पुनर्वाचनाची वाट मोकळी राहिली.

अर्थात कागदालाही शत्रू आहेत. कोकणातील आणि घाटमाथ्यावरील पावसाळी दमट हवा, बुरशी, वाळवी व कसर यांनी किती संग्रह संपविले, हे ग्रंथपालांना सांगावयास नको. स्वस्त कागदातील लिग्निनमुळे पाने पिवळी पडून ठिसूळ होतात, आणि केवळ डिंकाने चिकटविलेल्या पुस्तकाची पाठ वारंवार वाचनाने उकलते. सर्वांत आवडते पुस्तकच सर्वांत आधी झिजते. अशा पुस्तकाची दुसरी प्रत डिजिटल असणे हितावह ठरते.

नोंदीची पद्धत :

वरील विवेचनावरून संग्रहाच्या सूचीत लेखक व शीर्षक यांखेरीज पुढील नोंदी असाव्यात, असे सुचविता येते.
१) आवृत्तीचे वर्ष आणि संहितेतील ज्ञात बदल.
२) मालिकेतील प्रकाशनक्रम व कथेतील कालक्रम, दोन्ही स्वतंत्रपणे.
३) ई-पुस्तक असल्यास फाईलचा प्रकार आणि ते कुलूपबंद आहे की मुक्त, याचा उल्लेख.
४) प्रत्येक वाचनाची तारीख व त्या वेळचे थोडक्यात मत.
५) टिपांची पुस्तकाबाहेर, वहीत अथवा वेगळ्या फाईलमध्ये ठेवलेली प्रत.

ई-पुस्तकातील पृष्ठक्रमांक अक्षराच्या आकारानुसार बदलू शकतात. म्हणून टिपांत आणि वर्गातील संदर्भांत प्रकरणाचा क्रमांक देणे श्रेयस्कर आहे. चौथी नोंद वरवर क्षुल्लक वाटते. परंतु विसाव्या, तिसाव्या आणि चाळिसाव्या वर्षी त्याच पुस्तकाविषयी लिहिलेल्या तीन ओळी वाचकाच्या घडणीचा अस्सल पुरावा असतात.

निष्कर्ष :

डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतील पहिले सूत्र ग्रंथांच्या उपयोगाविषयी आहे. अद्भुतरम्य साहित्याच्या बाबतीत पुनर्वाचन हा त्या उपयोगाचा सर्वांत समृद्ध प्रकार होय. मुद्रित प्रत त्या त्या काळची संहिता जपते, तर डिजिटल प्रत शोध आणि सोबत यांची सोय करते. यांपैकी एकावरच विसंबल्यास एक तर संहिता हातची जाते किंवा ती वाचण्यायोग्य उरत नाही. महाविद्यालयीन ग्रंथालयांतून जीर्ण व जुनी पुस्तके बाद केली जातात, तेव्हा ‘नवी आवृत्ती आली आहे’ एवढ्या कारणाने जुनी प्रत रद्दीत जाऊ नये. दोन्ही प्रतींतील एखादे प्रकरण शेजारी ठेवून पाहावे आणि संहितेत फरक आढळल्यास जुनी प्रत राखून ठेवावी. गॉलमने मागितलेली क्षमा अशाच राखून ठेवलेल्या प्रतींमुळे आजच्या वाचकापर्यंत पोहोचली आहे.