पेटंटची नोंद आणि नोंदीबाहेरचे ज्ञान

मार्च १९९५ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने हळदीने जखम भरण्याच्या उपयोगाचे पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला देऊन टाकले. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. ही हकिकत अभिमानाने सांगितली जाते. मात्र ते कशाच्या जोरावर रद्द झाले, हे फारसे कुणी सांगत नाही. त्या वेळच्या अमेरिकी कायद्यात परदेशातला नुसता वापर पुरावा म्हणून चालत नसे. छापील मजकूर लागे. पिढ्यान्‌पिढ्या जखमेत हळद भरणाऱ्या आयाबायांची साक्ष म्हणूनच कामी आली नाही. कामी आले संस्कृत ग्रंथ आणि १९५३ साली एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेला लेख.

पेटंट म्हणजे नव्या शोधावर साधारण २० वर्षांची मक्तेदारी. शोध नवा आहे की नाही हे ठरवायचे, तर आधीचे सगळे धुंडाळले पाहिजे. २०२३ या एका वर्षात जगभर ३५ लाखांहून अधिक अर्ज दाखल झाले. हा ढीग माणसाने एकट्याने उपसणे अशक्य, म्हणून ते काम आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडे चालले आहे. पूर्वी तपासनीस शब्द टाकून शोधी. अर्जदाराने ‘चप्पल’ न म्हणता ‘पादसंरक्षक साधन’ म्हटले की शोध हुके. (पेटंटची भाषा मुद्दाम अवघड लिहितात, वकिलाला त्याचेच पैसे मिळतात.) आताचे यंत्र मजकुराचे आकड्यांच्या मालिकेत रूपांतर करते. अर्थाने जवळचे दोन मजकूर आकड्यांतही जवळ येतात, मग शब्द कितीही वेगळे असोत. प्रतिस्पर्धी कुठे पैसा ओततो आहे, कोणते पेटंट संपत आले आहे, हेही कंपन्या अशाच साधनांनी हेरतात.

अमेरिकी कायदा २०१३ पासून बदलला. आता जगात कुठेही झालेला जाहीर वापर ग्राह्य धरता येतो. पण यंत्राला कायदा कळून काय उपयोग? त्याच्यापुढे जे लिहून ठेवले आहे, तेच ते शोधणार. भारताने २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचा संगणकीय संग्रह सुरू केला. आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांचे संस्कृत, अरबी, फारसी, उर्दू, तमिळ ग्रंथ इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, जपानी, स्पॅनिशमध्ये आणले. काम मोलाचे आहे, यात शंका नाही. परंतु ज्यांना अक्षराचीच बंदी होती, त्यांचे ज्ञान त्यांच्या नावाने या ग्रंथांत येणार कोठून? माझ्या घरात अक्षर माझ्यापासून सुरू झाले. त्याआधी ज्ञान नव्हते असे कोण म्हणेल?

कोल्हापुरी चपलेचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावतात. साल किती, हिरडा किती, कातडे तयार झाले हे बोटाला कसे कळते, हे सारे रसायनशास्त्रच आहे. फक्त ते हातातून हातात गेले. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक निर्देशांक मिळाला. त्याने नाव राखले जाते, कमावण्याची रीत नव्हे. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानमध्ये तशाच चपला मांडल्या. भारतीय कारागिरीचा उल्लेख तिने केला तो ओरड झाल्यावर.

तेव्हा लिहून काढा, छापा, असे कार्यकर्ते म्हणतील. इथे मात्र थांबले पाहिजे. रीत छापली की तिच्यावर दुसऱ्या कुणाला पेटंट मिळणे कठीण होते, हे खरे. पण ती फुकट वापरायला कंपन्यांनाही मोकळीक मिळते, हेही खरे. महाविद्यालयातील मुलांनी आपापल्या वस्तीतील चांभार, ढोर, सुईण, वैदू यांच्याकडून नोंदी जरूर घ्याव्यात: सांगणाऱ्याचे नाव, गाव, तारीख, त्याचेच शब्द. त्यांतले काय छापायचे आणि काय समाजाच्या ताब्यात ठेवायचे, हे सांगणाऱ्यांनी एकत्र बसून ठरवावे. प्राध्यापकाने ती वही घेऊन परस्पर परिसंवादाला जाऊ नये.