सबुरी

एस. टी.च्या स्थानकावर गाडीला अर्धा तास उशीर झाला आहे. एक गृहस्थ दर दोन मिनिटांनी चौकशीच्या खिडकीशी जातात, नियंत्रकाशी हुज्जत घालतात, घड्याळ पाहतात आणि कपाळावरचा घाम पुसतात. शेजारच्या बाकावर एक म्हातारी टोपली पायाशी ठेवून शेंगा सोलीत बसली आहे. गाडी दोघांनाही एकाच वेळी मिळते. परंतु चढताना गृहस्थ थकलेले असतात आणि म्हातारीच्या शेंगा सोलून झालेल्या असतात.

म्हातारीच्या अंगच्या या गुणास मराठीत सबुरी म्हणतात. अरबीतील ‘सब्र’ या शब्दापासून तो आपल्याकडे आला व इतका रुळला की, त्याचे परकेपण आता कोणाच्या ध्यानातही येत नाही. ‘धैर्य’ या शब्दात संकटास सामोरे जाण्याचा भाव अधिक आहे. सबुरीत वेळेला तिचा अवधी देण्याचा.

अधीरतेचा शरीराशी निकटचा संबंध आहे. मन चिडले की, मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनलिन नावाचे द्रव्य रक्तात मिसळते. हृदयाचे ठोके वाढतात, श्वास उथळ होतो, स्नायू ताठरतात. वाघ समोर आला असता ही तयारी उपयोगी पडते. गाडीस उशीर झाला असता तिचा काडीइतकाही उपयोग नाही. असे वारंवार घडू लागले म्हणजे झोप बिघडते, मन थकते आणि क्षुल्लक कारणावरून घरातील माणसांवर खेकसण्याची सवय जडते. श्वास सावकाश व लांबवून सोडला असता ठोके मंदावू लागतात. राग आला असता दहा अंक मोजावेत, असे जुनी माणसे सांगत, ते उगीच नव्हे.

सबुरी म्हणजे मुकाट्याने सोसणे असा मात्र अनेकांचा समज असतो. हा समज चुकीचा आहे. धोंडो केशव कर्वे यांनी 1893 साली गोदूबाई या विधवा स्त्रीशी विवाह केला, तेव्हा त्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. कर्वे गावाशी भांडत बसले नाहीत. पण गावाचे म्हणणे त्यांनी मान्यही केले नाही. 1896 साली त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. पुढे 1900 साली तो पुण्याजवळ हिंगण्यास नेला. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवावे, हिंगण्याची वाट पायी तुडवावी आणि सवड मिळेल तेव्हा वर्गणीसाठी दारोदार फिरावे, असा त्यांचा क्रम होता. 1916 साली त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. 1958 साली त्यांना ‘भारतरत्न’ हा सन्मान मिळाला, त्या वर्षी त्यांच्या वयास शंभर वर्षे पूर्ण झाली होती. ज्याला अन्याय दिसत नाही तो स्वस्थ बसतो. ज्याला तो दिसतो आणि एका दिवसात हटणार नाही हेही कळते, त्याला सबुरी लागते.

ही सबुरी येते कोठून? कोणी ती जन्मजात मानतात. अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी 2013 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतीत मोठा उद्बोधक आहे. लहान मुलांना चित्रकामाचे अधिक चांगले साहित्य आणून देण्याचे वचन देण्यात आले. काही मुलांच्या बाबतीत ते पाळले, काहींच्या बाबतीत मोडले. नंतर प्रत्येकापुढे एक मिठाई ठेवून सांगितले की, थोडा वेळ थांबल्यास आणखी एक मिळेल. वचन मोडलेली मुले सरासरी तीन मिनिटे थांबली. वचन पाळलेली मुले बारा मिनिटे! दुसऱ्या मिठाईवर विश्वास नसेल, तर पहिली लगेच खाणे यात अधीरता कसली? तो व्यवहारच म्हणावयाचा.

मुलांना ‘धीर धर’ असे बजावणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हा प्रयोग अवश्य ध्यानात घ्यावा. ‘रविवारी रंगपेटी आणतो’ असे सांगणाऱ्या वडिलांनी ती रविवारी खरोखरच आणली, तर पुढच्या खेपेस मूल बुधवारपासूनच हट्ट धरून बसत नाही.