पीटरबरो फॉक्सहाउंड प्रदर्शन

पीटरबरो रॉयल फॉक्सहाउंड शो हे इंग्लंडमधील पीटरबरो या शहरी उन्हाळ्यात भरणारे शिकारी श्वानांचे पारंपरिक प्रदर्शन आहे. ते सर्वप्रथम १८७८ साली भरले. फॉक्सहाउंड म्हणजे घोडेस्वारांबरोबर कळपाने धावून, वासाच्या मागाने खोकडाची शिकार करणारा श्वान. (खोकडाला मराठीत सर्रास 'कोल्हा' म्हटले जाते, पण कोल्हा हा निराळा प्राणी होय. ब्रिटिशांनी भारतात हा खेळ आणला तेव्हा निलगिरीतील उटकमंड हंटसारखी मंडळे खोकडाऐवजी कोल्ह्याचीच शिकार करीत.)

पूर्वपीठिका

अशा श्वानांचे पहिले प्रदर्शन १८५९ साली यॉर्कशरच्या किनाऱ्यावरील रेडकार येथे भरले. टॉमस पॅरिंग्टन यांच्या पुढाकाराने क्लीव्हलँड कृषी संस्थेने ते भरविले होते. बैल, मेंढ्या व घोडे यांच्या जोडीला शिकारी श्वानही पारखले जावेत, ही कल्पना शेतकरी समाजातूनच यावी हे स्वाभाविक होते. कारण श्वानशाळेतील पिल्ले लहानपणी आसपासच्या शेतकऱ्यांकडेच वाढावयास दिली जात. पीटरबरो हे लंडनहून उत्तरेकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील शहर असल्याने दूरदूरच्या श्वानशाळांना तेथे पोहोचणे सोयीचे होते.

स्वरूप

प्रदर्शनात नर व मादी यांचे वर्ग वेगळे असतात. शिकारीत अद्याप न उतरलेले तरुण श्वान आणि अनुभवी श्वान यांचीही स्वतंत्र पारख होते. श्वान एकेकटे मोजण्याची रीत नाही; ते जोडीने मोजतात, त्यामुळे पन्नास श्वानांचा कळप 'पंचवीस जोड्यांचा' ठरतो. शिकारप्रमुखाचे सेवक आपल्या मंडळाच्या गणवेशात, तर परीक्षक बोलर टोपी घालून रिंगणात उतरतात. श्वान प्रथम स्थिर उभा करून पाहतात व नंतर मोकळा सोडतात. त्यास हालते ठेवण्यासाठी सेवक बिस्किटाचे तुकडे फेकतो. खांद्यांची ठेवण, पायांची घडण, छातीची खोली व चाल यांवरून निर्णय होतो.

मात्र शिकारी श्वानाचे खरे गुण म्हणजे घ्राणशक्ती, दमसास, माग सापडल्यावर दिलेला आवाज आणि कळपात राहण्याची वृत्ती. यांतील एकही रिंगणात पारखता येत नाही. या प्रदर्शनाच्या इतिहासातील मुख्य वाद येथूनच निघाला.

'पीटरबरो घाटा'चा वाद

विजेत्या नराकडे अनेक श्वानशाळांच्या माद्या पैदाशीसाठी पाठविल्या जात. साहजिकच परीक्षकांची आवड साऱ्या देशाच्या पैदाशीत उतरू लागली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्या शतकाच्या आरंभी जाड हाडांचे, खांबासारख्या सरळ पुढच्या पायांचे अवजड श्वान मानाचे ठरले. काहींचे पाय तर मनगटाशी पुढे झुकलेले असत. दिसण्यास ते भारदस्त होते. पण वेग व चपळता यांत ते उणे पडत, असा आक्षेप शिकाऱ्यांकडूनच येऊ लागला. चेपस्टोजवळ सर एडवर्ड करे यांनी वेल्सच्या श्वानांचे रक्त मिसळून हलका, पांढरट कळप तयार केला. मूळचे अमेरिकी असलेले आयझॅक ऊर्फ 'आयकी' बेल यांनी हाच मार्ग पुढे नेला. वंशशुद्धीचा आग्रह धरणाऱ्यांनी या संकराला कडवा विरोध केला. तरीही दोन महायुद्धांच्या दरम्यान मत पालटत गेले आणि कालांतराने पीटरबरोच्या रिंगणातही हलक्या बांध्याचे श्वान जिंकू लागले. प्रदर्शनाने बिघडविलेली गोष्ट प्रदर्शनाबाहेर सुधारली गेली, असे म्हणण्यास येथे वाव आहे.

शिकारबंदीनंतर

ब्रिटिश संसदेच्या २००४ च्या कायद्याने इंग्लंड व वेल्समध्ये श्वानांकरवी वन्य सस्तन प्राण्यांची शिकार करण्यास बंदी घातली. १८ फेब्रुवारी २००५ पासून ती अमलात आली. त्यानंतर बहुतेक मंडळांनी जमिनीवर आधी वास टाकून त्यावर श्वान धावविण्याचा प्रकार स्वीकारला. हा बंदी चुकविण्याचा आडपडदा आहे, असे प्राणिहितवाद्यांचे म्हणणे असून मंडळे ते नाकारतात. २०२४ च्या निवडणुकीत मजूर पक्षाने हा प्रकारही बंद करण्याचे आश्वासन दिले. बंदीनंतरही श्वानांची पैदास थांबली नाही व पीटरबरोचे प्रदर्शनही भरत राहिले. त्याच सुमारास बीगल, हॅरिअर आदी शिकारी श्वानांचे वर्गही एकत्र आणून तेथे मोठा उत्सव भरू लागला.