शरण, निर्वासन आणि आश्रय : पालघरच्या किनाऱ्यावरील तीन शब्द

देशांतर करावे लागलेल्या माणसासाठी मराठीत मुख्यतः दोन शब्द रूढ आहेत. 'निर्वासित' म्हणजे वसतिस्थानातून बाहेर घालविलेला. 'शरणार्थी' म्हणजे शरण इच्छिणारा. पहिला शब्द त्याच्यावर ओढवलेली आपत्ती सांगतो, दुसरा त्याची मागणी. मात्र संस्कृतात 'शरण' याचा अर्थ घर, रक्षण असा होता. मराठीत 'शरण जाणे' म्हणजे हार पत्करणे. मागणीच्या शब्दाला अशा रीतीने याचनेची छटा आली.

ही छटा पालघरच्या किनाऱ्यावर जुनी आहे. तारापूरच्या उत्तरेस, आजच्या गुजरातेत, संजाण आहे. इराणातून आलेल्या पारशांना तेथे आश्रय मिळाल्याची कथा 'किस्से-संजाण' या फारसी काव्यात आहे. हे काव्य सोळाव्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे घटनेनंतर कित्येक शतकांनी रचले गेले; आगमनाच्या वर्षाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. काव्यातील राजा आश्रय देतो तो अटींवर : शस्त्रे खाली ठेवावीत, स्त्रियांनी येथील वेष घ्यावा, येथील भाषा बोलावी. पारशांनी गुजराती आपलीशी केली, प्रार्थना मात्र अवेस्ताच राहिली. पुढे संजाण पडल्यावर पवित्र अग्नी डहाणू तालुक्यातील बाहरोटच्या डोंगरात बारा वर्षे जपला, अशी परंपरा आहे. एकदा मिळालेला आश्रय कायमचा नसतो, हेच त्या लेण्यांवरून लक्षात येते. एकोणिसाव्या शतकात इराणातील जाचाला कंटाळून आणखी झरथुष्ट्री आले. डहाणू-घोलवडच्या चिकूच्या वाड्या त्यांच्या श्रमाची खूण आहेत.

या कथेत आश्रय ही राजाची कृपा आहे. 1951 च्या जिनिव्हा कराराने ती कल्पना बदलली. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे छळाची सकारण भीती असलेला व स्वदेशाबाहेर असलेला मनुष्य शरणार्थी ठरतो. जेथे त्याच्या जीविताला वा स्वातंत्र्याला धोका आहे तेथे त्याला परत धाडता येत नाही. 1967 च्या पूरक कराराने कालाची व स्थळाची मर्यादा काढली. भारत या दोन्ही करारांत सामील नाही. देशात शरणार्थींसाठी स्वतंत्र कायदा नाही. 2025 च्या नव्या परकीय नागरिकविषयक कायद्यानेही ती उणीव भरून काढलेली नाही. मात्र 1996 मध्ये चकमांच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने जीविताचे संरक्षण परकीयांनाही लागू असल्याचे स्पष्ट केले. एरवी तिबेटी, श्रीलंकन तमिळ, रोहिंग्या यांना मिळणारी वागणूक शासनाच्या वेळोवेळीच्या आदेशांवर अवलंबून राहते.

व्याख्येची दुसरी कडा बोईसरजवळच दिसते. तारापूर अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या व चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांना आपली जागा सोडावी लागली. तेथील लोकांनी सीमा ओलांडली नाही, म्हणून ते शरणार्थी नव्हेत. शासकीय मराठीत ते 'प्रकल्पग्रस्त'. घर गमावण्याचे दुःख तेच, पण शब्द बदलताच दाद मागण्याचे दार बदलते : एकाला आंतरराष्ट्रीय करार, दुसऱ्याला पुनर्वसनाचा कायदा.

म्हणून शब्दाची निवड ही केवळ शैलीची बाब नव्हे. कायद्याचे मराठी भाषांतर करताना 'शरण' या शब्दाचा 'रक्षण' हा मूळ अर्थ जागा ठेवला, तर आश्रय मागणारा मनुष्य याचक न राहता हक्कदार म्हणून वाचला जाईल.