गाडी सेकंडहँड, पार्ट मात्र फर्स्टहँड!

रील स्क्रोल करताना तुम्ही ती पाहिलीच असेल. लांबलचक बोनेट, थेट मागच्या काचेपर्यंत गेलेलं छप्पर, वर रूफ रेल्स आणि खाली कॅप्शन : 'पाऊण कोटीची गाडी, नव्या एसयूव्हीच्या भावात!' लगेच मित्राला टॅगही केलं असेल, 'नोकरी लागली की हीच' म्हणून. स्वप्न बघायला पैसे पडत नाहीत. पण कळव्यात राहून अशी गाडी सांभाळायला किती पडतात, हे पहिल्या पगारावर लोन काढण्याआधी समजून घ्या.

स्टेशन वॅगन म्हणजे सेडानचीच बहीण. फक्त वेगळी डिकी न ठेवता छप्पर मागेपर्यंत नेलेलं. आपल्याकडे हा प्रकार कधी रुजलाच नाही. टाटांनी १९९२ मध्ये 'इस्टेट' आणली, पुढे 'इंडिगो मरिना' आणली. स्कोडाची 'ऑक्टाव्हिया कॉम्बी' आली. सगळ्या आल्या तशा गेल्या. लक्झरीत व्होल्वोने २०१७ मध्ये 'व्ही ९० क्रॉस कंट्री' साधारण ६० लाखांना आणि मर्सिडीजने २०१८ मध्ये 'ई-क्लास ऑल-टेरेन' ७५ लाखांना आणली. दोन्ही परदेशातून तयार होऊन आलेल्या, रस्त्यावर मोजक्याच. म्हणूनच ती दिसली की मान वळते. आणि म्हणूनच ती बिघडली की खिसा रिकामा होतो.

किंमत उतरते, बिल उतरत नाही

समजा, ७५ लाखांची गाडी तुम्हाला २५ लाखांत मिळतेय. गाडीची किंमत एक तृतीयांश झाली. हेडलाइटची झाली का? नाही. हेडलाइट, सेन्सर, टायर, ब्रेक पॅड हे सगळं आजही पाऊण कोटीच्या गाडीचंच आहे आणि त्याच दराने मिळणार. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ती हीच.

वॅगनमध्ये आणखी एक मेख आहे. तुम्ही म्हणाल, ई-क्लास तर चाकणला बनते, पार्ट मिळतीलच. पुढचा बराचसा भाग मिळेलही. पण चाकणची ई-क्लास २०१७ पासून लाँग व्हीलबेस आहे आणि ऑल-टेरेन नेहमीच्या लांबीची. त्यामुळे मागचे दरवाजेसुद्धा जुळत नाहीत. डिकीचं दार, मागची काच, टेललाइट हे तर फक्त वॅगनचंच. सेडानचा जुना पार्ट कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर शोधता येतो. वॅगनचा शोधायला आधी दुसरी वॅगन भंगारात निघावी लागते! नाहीतर परदेशातून मागवा आणि तोवर गाडी गॅरेजमध्ये.

काय काय बिघडतं?

एअर सस्पेंशन : ऑल-टेरेनमध्ये स्प्रिंगच्या जागी हवा भरलेले रबरी फुगे असतात. काही वर्षांनी रबराला चिरा पडतात, हवा गळते. मग ती हवा भरत राहण्यासाठी कॉम्प्रेसर सारखा चालतो आणि शेवटी तोही जळतो. म्हणजे दुर्लक्ष एका फुग्याकडे आणि बिल दोन गोष्टींचं. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये हा आकडा सहज लाखाच्या पुढे जातो.

डीपीएफ : नव्या डिझेल गाड्यांच्या धुरातली काजळी या फिल्टरमध्ये अडकते. ती जळून जायला गाडी काही वेळ सलग वेगात चालावी लागते. आता तुमचा रोजचा रूट आठवा. कळवा ते ठाणे, खाडी पुलावरची रांग, क्लच-ब्रेक-हॉर्न आणि परत. काजळी साचतच जाते. त्यामुळे अधूनमधून पहाटे उठून खारेगावहून नाशिक हायवेला एक मोकळी फेरी मारणं हा या गाडीचा मेंटेनन्सच आहे. ते जमणार नसेल तर डिझेल लक्झरीच्या नादी लागू नका.

सनरूफ : मोठ्या काचेच्या छपराच्या कोपऱ्यांतून पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. झाडाखाली उभ्या गाडीत त्या पानांनी तुंबतात. मग पाणी आत उतरतं, कार्पेटखाली साचतं आणि तिथल्या वायरिंगची वाट लावतं. आपल्याकडे उघड्यावर पार्किंग आणि चार महिने पाऊस. वायरी कुरतडणारे उंदीर वेगळेच!

साचलेलं पाणी : विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पावसाळ्यात काय होतं, हे कळवेकरांना सांगायला नको. गाडी उंच दिसते म्हणून पाण्यात घालू नका. इंजिनात पाणी शिरलं की ते हवेसारखं दाबलं जात नाही, त्यामुळे पिस्टनचा रॉड वाकतो. बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करायचा मोह तर सर्वांत महाग. साध्या विम्यात हे नुकसान सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं.

विमा आहे ना!

आहे, पण तो अपघाताचा. झिजलेल्या पार्टचा नाही. शिवाय झीरो डेप्रिसिएशन कव्हर नसेल तर अपघातातही रबर, प्लास्टिक, टायर आणि बॅटरी यांची निम्मी किंमत तुमच्याच खिशातून जाते. बंपर प्लास्टिकचाच असतो, हे लक्षात ठेवा. आणि जुन्या गाडीला झीरो डेप्रिसिएशन मिळतंच असं नाही.

मग घ्यायचीच नाही का?

तसं नाही. नीट सांभाळलेली वॅगन चालवायला भारी असते. प्रवासात तिच्या जागेला आणि आरामाला तोड नाही. फक्त बजेट 'गाडी' एवढंच धरू नका, 'गाडी अधिक दुरुस्ती' असं धरा. किमतीच्या किमान १५ ते २० टक्के रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवता येत नसेल, तर ती गाडी तुम्हाला परवडत नाही. ईएमआय परवडतो, हा युक्तिवाद इथे चालत नाही. ईएमआय दर महिन्याला सांगून येतो, कॉम्प्रेसर सांगून येत नाही.

वॉरंटी संपलेल्या गाडीसाठी त्या ब्रँडचं काम करणारं चांगलं स्वतंत्र गॅरेज आधी शोधा, गाडी नंतर. अनेक पार्ट बॉश, झेडएफ, माहले अशा कंपन्याच बनवतात. कंपनीचा लोगो नसलेला तसाच पार्ट बराच स्वस्त मिळू शकतो.

टोकन देण्याआधी एवढं कराच

- गाडी रात्रभर सपाट जागी उभी ठेवायला सांगा आणि सकाळी बघा. एक कोपरा खाली बसला असेल तर फुगा गळतोय.
- इंजिन थंड असताना स्वतः स्टार्ट करा. गाडी आधीच गरम करून ठेवली असेल तर का, ते विचारा.
- कार्पेट उचलून हात लावा. ओल, गंज किंवा कुबट वास आला तर परत फिरा.
- ब्रँडच्या वर्कशॉपमध्ये पूर्ण स्कॅन करून घ्या. काही हजार जातील, काही लाख वाचतील.
- सर्व्हिस हिस्ट्री फोटोत नको, कंपनीच्या नोंदीत तपासा.
- वाहन पोर्टलवर आरसी, लोन आणि ई-चलान बघा. लोन फिटलं असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी, ट्रान्सफरसाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात.
- परराज्यातली गाडी स्वस्त वाटली तर महाराष्ट्रात भरावा लागणारा रोड टॅक्स मिळवून मगच तुलना करा.

विकणारा म्हणेल, 'दुसरा गिऱ्हाईक संध्याकाळी येतोय.' येऊ द्या. या गाडीला गिऱ्हाईक सहज मिळत असतं, तर ती एक तृतीयांश किमतीत तुमच्या रीलमध्ये आलीच नसती.