झिजलेले ब्रेक आणि पेढीच्या नावावरची गाडी

देहू-आळंदी रस्त्यावरील चिखली वारकऱ्यांना टाळगाव म्हणून परिचित आहे. आज तिथे मोटारींचे सुटे भाग घडविणारे असंख्य लहानमोठे कारखानेही आहेत. मर्सिडीज-बेंझने १९९५ मध्ये पुण्यात मोटारींचे उत्पादन सुरू केले. २००९ मध्ये चाकणचा नवा कारखाना उभा राहिला, पण त्याआधी अनेक वर्षे तिच्या भारतीय कंपनीचा पत्ता ‘सेक्टर १५-अ, चिखली, पिंपरी’ असा होता. या कंपनीच्या दोन मोटारींवरून झालेला वाद पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या वादाच्या निकालाने प्रत्येक व्यापारी कुटुंबाच्या जिव्हाळ्याच्या एका प्रश्नाचे उत्तर दिले आहे.

तो प्रश्न एका उदाहरणाने समजून घेता येईल. समजा, एका पेढीने ७० लाख रुपयांची वेगवान स्पोर्ट्स गाडी घेतली. बिल पेढीच्या नावाचे, वापर मात्र मालकाचा आणि त्याच्या मुलाचा. १२ हजार किलोमीटर होताच सर्व्हिस सेंटरने सांगितले की पुढचे ब्रेक पॅड संपले आहेत आणि डिस्कलाही चरे पडले आहेत. खर्च लाखाच्या घरात. वॉरंटीबद्दल विचारले, तर उत्तर मिळाले, ‘ब्रेक पॅड झिजणारा भाग आहे, तो वॉरंटीत येत नाही.’ ग्राहक आयोगाचे नाव काढले, तर दुसरे उत्तर तयार होते, ‘गाडी कंपनीच्या नावावर आहे, तुम्ही ग्राहकच नाही.’ ही दोन्ही उत्तरे कितपत खरी आहेत?

पहिले उत्तर अर्धे खरे आहे. ब्रेक लावला म्हणजे धावत्या गाडीची गतिज ऊर्जा घर्षणाने उष्णतेत बदलते. ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ६० ऐवजी १२० च्या वेगाने जाणारी गाडी थांबवताना ब्रेकला चौपट ऊर्जा पचवावी लागते. त्यात अशा गाड्या वजनाने भारी असतात आणि त्यांचे पॅड बहुधा टिकाऊपणापेक्षा पकडीला महत्त्व देऊन बनविलेले असतात. खंडाळ्याच्या उतारावर गिअर न उतरवता केवळ ब्रेकवर गाडी आणणे किंवा चाकणच्या कोंडीत क्षणोक्षणी थांबणे, याचा भार अखेर पॅडवरच येतो. काही गाड्यांत तर वळणावर तोल राखण्यासाठी संगणकच एकेका चाकाचा ब्रेक परस्पर लावतो, आणि चालकाला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून लवकर झीज झाली एवढ्यावरून गाडीत दोष आहे असे सिद्ध होत नाही.

परंतु प्रत्येक झीज ही वापराचीच झीज असेही नाही. ब्रेक सोडल्यावर कॅलिपरने पॅडवरचा दाब सोडला पाहिजे. त्याच्या सरकत्या पिना अडकल्या किंवा पिस्टन मागे सरकला नाही, तर पॅड डिस्कला घासतच राहतो. मग एकाच चाकाचा पॅड संपतो, किंवा आतला पॅड संपतो आणि बाहेरचा जाडच राहतो. चाक वाजवीपेक्षा तापते, जळका वास येतो. चालकाच्या सवयीमुळे झालेली झीज साधारणपणे डाव्या-उजव्या चाकांवर सारखी दिसते. फरक दिसला, तर तो चालकापेक्षा यंत्राकडे बोट दाखवतो. मात्र चिखल-धूळ साचूनही पिना अडकू शकतात, त्यामुळे कारण तपासूनच ठरवावे लागते. तेव्हा ‘पॅड वॉरंटीत नाही’ या उत्तरावर ग्राहकाने विचारावे, ‘पॅड ज्या कारणाने संपला तो भाग वॉरंटीत आहे की नाही?’

दुसऱ्या उत्तराचा निकाल ९ जुलै २०२४ रोजी लागला. कंट्रोल्स अँड स्विचगिअर या कंपनीने संचालकाच्या वापरासाठी मर्सिडीज गाडी घेतली होती. गाडीच्या मधल्या उंचवट्याचा भाग असह्य तापतो, ही तिची तक्रार होती. तत्कालीन क्रॉम्प्टन ग्रीव्ह्ज, म्हणजे आजची सीजी पॉवर, हिने व्यवस्थापकीय संचालकांसाठी घेतलेल्या गाडीला २००६ मध्ये अपघात झाला आणि एअरबॅग उघडल्या नाहीत. दोन्ही ठिकाणी उत्पादकाचा आक्षेप एकच होता. गाडी कंपनीने घेतली, म्हणजे खरेदी व्यापारी हेतूने झाली, आणि असा खरेदीदार कायद्याने ‘ग्राहक’ ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हा आक्षेप फेटाळला. खरेदी कोणाच्या नावे झाली यापेक्षा वस्तूचा नफा कमावण्याच्या व्यवहाराशी थेट व निकटचा संबंध आहे का, हे पाहायचे असते. संचालकाच्या वैयक्तिक वापराची गाडी त्या कसोटीत अडकत नाही. एअरबॅग कोणत्या परिस्थितीत उघडतील याची पूर्ण माहिती ग्राहकाला दिली नव्हती, हेही त्या प्रकरणात उत्पादकाला भोवले आणि १० लाख रुपयांची भरपाई कायम झाली.

या कसोटीला आधीचा आधार मुंबईतील आहे. लीलावती कीर्तिलाल मेहता मेडिकल ट्रस्टने परिचारिकांच्या निवासासाठी सदनिका घेतल्या होत्या. २०१९ मध्ये न्यायालयाने म्हटले की त्या सदनिकांतून ट्रस्ट नफा मिळवत नव्हता, म्हणून तो ग्राहकच आहे. याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. तीच गाडी भाड्याने दिली, किंवा व्यवसायाच्या फेऱ्यांसाठीच वापरली, तर हे संरक्षण डळमळते. पेढीने गाडीवर घसारा घेतला, एवढ्यावरून तिचा वैयक्तिक वापर पुसला जात नाही. तरी तो वापर कागदावर दाखवता आला पाहिजे. गाडी कोणासाठी घेतली याचा भागीदारांचा किंवा संचालकांचा एक साधा ठराव वेळेवर केला, तर तो पुढे मोठ्या कामाचा ठरतो.

दाद मागण्याचा मार्ग २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्याने आखून दिला आहे. ५० लाखांपर्यंत मोबदला दिला असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्याहून अधिक असल्यास राष्ट्रीय आयोग. म्हणजे वरच्या उदाहरणातील ७० लाखांची गाडी राज्य आयोगाकडे जाईल. तक्रार २ वर्षांच्या आत करावी लागते. एकच दोष अनेक मालकांना भोवत असेल, तर आयोगाच्या परवानगीने सर्वांच्या वतीने एकत्रित तक्रारही करता येते.

या कायद्यात उत्पादन दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे, परंतु त्यासाठी व्यक्तीला किंवा अन्य मालमत्तेला हानी व्हावी लागते. केवळ वस्तूचे स्वतःचे नुकसान त्यात धरत नाहीत. ब्रेक झिजले पण अपघात झाला नाही, तर तक्रार ‘सदोष माल’ आणि ‘सेवेतील त्रुटी’ या मुद्द्यांवर उभी करावी. गाडी बदलून मिळेल ही अपेक्षाही जपून ठेवावी. मारुती उद्योगाच्या एका खटल्यात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याचेच बंधन असेल, तर त्यावरून संपूर्ण गाडी मागता येत नाही.

पुरावा हा या वादाचा कणा आहे. ह्युंदाईच्या एअरबॅगच्या खटल्यात २०२२ मध्ये न्यायालयाने ग्राहकाकडून भौतिकशास्त्राच्या गणिताची अपेक्षा धरली नाही, कारण न उघडलेली एअरबॅग स्वतःच बोलत होती. झिजलेला पॅड तसा बोलत नाही. म्हणून प्रत्येक जॉब कार्डावर तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यावी आणि चारही चाकांच्या पॅडची जाडी मिलिमीटरमध्ये नोंदवून मागावी. काढलेले पॅड व डिस्क तिथेच न सोडता ताब्यात घ्यावेत. आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासणीला पाठवू शकतो, पण तपासायला वस्तू उरली पाहिजे. विक्रेता आणि उत्पादक या दोघांनाही पक्षकार करावे आणि प्रत्येकाची चूक वेगळी मांडावी. गोव्यातील एका ग्राहकाला जुन्या वर्षाची गाडी नवी म्हणून विकली गेली होती. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा मोटर्सला त्यातून मुक्त केले, कारण विक्रेत्याचे कृत्य उत्पादकाला माहीत असल्याचे सिद्ध झाले नव्हते.

ब्रेकचा प्रश्न पैशापुरता नाही, तो रस्त्यावरच्या इतरांच्याही जिवाचा आहे. मोटार वाहन कायद्यातील तरतुदीनुसार एखाद्या दोषाबद्दल ठरावीक प्रमाणात मालकांच्या तक्रारी आल्या, तर सरकार त्या गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. याविषयीचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. गप्प बसून पदरचा खर्च करणारा मालक या मोजणीत येतच नाही.

शेवटी हिशेबाची गोष्ट. २००६ च्या अपघाताचा अंतिम निकाल २०२४ मध्ये लागला, म्हणजे १८ वर्षे गेली. तोवर कर्जाचे हप्ते थांबत नाहीत आणि गाडीची किंमतही टिकत नाही. म्हणून आधी लेखी तक्रार, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद, वाजवी तडजोड मिळाल्यास तिचा स्वीकार, आणि तरीही दाद न मिळाल्यास आयोग, हा क्रम शहाणपणाचा आहे. व्यापारी घरात रोजमेळ त्या त्या दिवशी लिहिण्याची शिस्त पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली आहे. तीच शिस्त गाडीच्या कागदपत्रांना लावली, तर आयोगापुढे उभे राहताना पेढीची बाजू लंगडी पडणार नाही.