स्वस्त कायाक, चांगलं वल्हं

कायाक घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: उलटणार तर नाही? दुसरा अर्थातच किमतीचा. दोन्हींची उत्तरं शोधायला नावेच्या रुंदीपासून सुरुवात करावी.

नाव एका अंगाला कलली की त्या बाजूचा जास्त भाग पाण्यात जातो, पाण्याचा वर ढकलणारा रेटा तिकडे सरकतो आणि नावेला पुन्हा सरळ करू बघतो. लांबी आणि वजन तेवढंच ठेवलं, तर हा सावरणारा परिणाम पाण्याच्या पातळीवरच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे ६० सेंमीऐवजी ७५ सेंमी रुंद नाव घेतली तर रुंदी वाढते सव्वापट, पण सावरणं जवळजवळ दुप्पट होतं. सव्वाला सव्वाने दोनदा गुणून बघा. दुकानातल्या कमी किमतीच्या कायाक बहुधा अशाच रुंद, बुटक्या आणि सपाट तळाच्या असतात. शांत पाण्यात त्या नवख्या माणसाला सांभाळून घेतात. मात्र रुंदीने कमावलेलं उंच आसन घालवू शकतं. बसणाऱ्याचा गुरुत्वमध्य थोडा वर गेला तरी फरक जाणवतो, म्हणून खाली बसवणारं आसन बघावं.

रुंद नाव हळू जाते, अशी तक्रार असते. खरी आहे, पण ती कोणासाठी? चालत्या नावेने उठवलेली लाट वेग वाढेल तशी लांब होत जाते. लाटेची लांबी नावेइतकी झाली की नाव आपल्याच लाटेच्या चढावर अडकते आणि पुढे कितीही जोर लावला तरी वेग फारसा वाढत नाही. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात नावांच्या प्रतिकृती पाण्याच्या टाकीत ओढून या विषयाचा पाया घातला. त्या हिशेबाने पाण्यात ३ मीटर लांबी असलेल्या नावेची मर्यादा ताशी पावणेआठ किलोमीटरच्या आसपास येते, साडेचार मीटरच्या नावेची साडेनऊच्या. हौशी माणूस वल्हवतो ताशी चार-पाच किलोमीटरने. त्या वेगाला मुख्य अडथळा असतो तो पाण्याच्या घर्षणाचा, आणि आखूड नावेचा ओला पृष्ठभाग कमीच असतो. मग जादा लांबीचे पैसे कशाला मोजायचे? आखूड नावेचं खरं दुखणं वेगळंच आहे. प्रत्येक वल्ह्यासरशी तिचं नाक डावी-उजवीकडे फिरतं. मागच्या बाजूला तळाशी स्केग, म्हणजे छोटा उभा पर असेल तर हा त्रास बराच कमी होतो.

स्वस्ताईचं श्रेय आहे ते साच्याला. आपल्या गच्चीवरची काळी पाण्याची टाकी ज्या पद्धतीने बनते, त्याच पद्धतीने ही कायाकही बनते. पोकळ साच्यात पॉलिथिलीनची भुकटी भरायची, साचा भट्टीत तापवत दोन अक्षांभोवती फिरवायचा. भुकटी वितळून आतून सगळीकडे सारखी चिकटते आणि सांध्याशिवाय आख्खी नाव बाहेर येते. अशी पहिली कायाक १९७३ मध्ये आली. खडकावर आपटली तरी ती सहसा फुटत नाही, पण तीन मीटरची नाव वीस-पंचवीस किलो भरते आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी प्लास्टिक ठिसूळ होतं. जुनी नाव घेताना तळाच्या मागच्या टोकावर अंगठा दाबून बघावा. ओढत नेताना तिथेच घासून प्लास्टिक पातळ झालेलं असतं. पृष्ठभागावरून हात फिरवल्यावर पांढरी पूड लागली तर नाव वर्षानुवर्षं उन्हात पडून होती असं समजावं. शक्य असेल तर अर्धा तास पाण्यात फिरवून बूच काढून बघावं, आत पाणी साचलंय का.

मूळ कायाक आर्क्टिकमधल्या इन्युइटांची. वाहून आलेलं लाकूड आणि हाडं यांच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणलेली, वरून बंद. कारण तिथल्या गार पाण्यात भिजणं म्हणजे मरण. कोकण-गोव्याच्या कोमट पाण्यात ती गरज नाही. इथे वर उघडी, जिच्या माथ्यावर बसायचं, अशी नाव सोयीची. तिच्या आरपार भोकांतून पाणी आपोआप निथळतं. बंद नावेत दीडशे लिटर पाणी शिरलं तर दीडशे किलोचा बोजा होतो. खोल पाण्यात ती रिकामी करणं एकट्याचं काम नाही. उघडी नाव उलटली तर सरळ करून पुन्हा वर चढता येतं. अर्थात ते कंबरभर पाण्यात आधी करून बघितलेलं असावं.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने नाव ठेवायची कुठे? एक जुना उपाय घडीच्या नावेचा. ऑस्कर स्पेक नावाचा बेकार जर्मन तरुण १९३२ मध्ये घडीची कायाक घेऊन उल्महून निघाला, भारताच्या किनाऱ्याने श्रीलंकेला गेला आणि १९३९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोचला. तोवर युद्ध पेटलं होतं, त्यामुळे शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून पकडला गेला. आज घडीच्या नावेपेक्षा हवेची स्वस्त पडते. फक्त ती फुगवून उन्हात ठेवू नये. ३० अंशांवर ०.२ बार दाबाने भरलेली हवा ६० अंशांपर्यंत तापली आणि फुगायला जागा मिळाली नाही, तर गेज ०.३२ बार दाखवेल. शिवण उसवायला तेवढं कारण पुरतं.

नावेवर वाचलेले पैसे वल्ह्यावर आणि लाइफ जॅकेटवर घालावेत, असं माझं ठाम मत. मिनिटाला चाळीस फटके धरले तर तासाला होतात २,४००. वल्हं तीनशे ग्रॅमने जड असेल तर तासाभरात सातशे किलोहून जास्त जादा वजन उचललं जातं, ते खांद्यांनाच कळतं. रुंद नावेला २३०-२४० सेंमीचं वल्हं लागतं. आखूड असलं की हात नावेच्या कडेवर घासतात. जॅकेट बांधल्यावर कुणाला तरी खांद्याच्या पट्ट्या धरून वर ओढायला सांगावं. ते हनुवटीच्या वर सरकलं तर माप चुकलं.

खाडीत उतरायचं तर भरती बघूनच. ती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते, म्हणून किनाऱ्यावर तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे: अष्टमीला साधारण सहा. अंदाजापुरतं ठीक, नेमकी वेळ तक्त्यात बघावी. भरतीबरोबर वर जावं, ओहोटीबरोबर परतावं. दुपारी समुद्राकडून वारा सुटतो आणि रुंद, हलक्या नावेला परतीच्या वाटेवर तो समोरून लागतो, त्यामुळे अकराच्या आत काठाला लागलेलं बरं. पावसाळ्यात खाडीच्या मुखाकडे फिरकूच नये.

मुक्काम तारकर्लीला असो वा गोव्यात, मजा वेगात नसते. इंजिन नसल्याने आणि वीतभर पाणीही पुरत असल्याने कायाक थेट कांदळवनाच्या चिंचोळ्या फाट्यांत शिरते. चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या आणि फांदीवरचा खंड्या तिला बोटीइतके बिचकत नाहीत. वल्हं मांडीवर आडवं ठेवून पाच मिनिटं नुसतं वाहत राहावं. हवेच्या नावेने मात्र मुळांपासून हातभर लांबच राहावं, कारण त्यांना चिकटलेल्या कालवांच्या कडा एका घासात रबर चिरतात.